आधी ठोका ऐकू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टाचण आणि स्लाइड्स दोन्ही पाहिलं. एडगर ॲलन पो या अमेरिकी कथाकार-कवीसाठी चार तास मिळाले म्हणजे नशीबवान आहेस. आम्हाला दीड मिळायचा. तू पहिला तास चरित्राचा ठेवलास, दुसरा 'गॉथिकची वैशिष्ट्यं' (म्हणजे भय-गूढ साहित्याची), कथा थेट तिसऱ्या तासाला. पहिल्या स्लाइडवर चंद्र, काळा पक्षी आणि रक्त ओघळणाऱ्या अक्षरांत 'शापित प्रतिभावंत'. सुबक झाली आहे, पण ती काढून टाक. खरं तर एवढं सांगायलाच हे पत्र लिहितोय.

मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं. आधी दारू, कर्ज, बायकोचा क्षय, गूढ मृत्यू, मग कथा. एका वर्षी एका मुलाने पेपरात लिहिलं, 'पो वेडा होता, म्हणून त्याने म्हाताऱ्याचा खून केला व प्रेत फळ्यांखाली लपवले.' स्टाफरूममध्ये मी ते वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसलो. संध्याकाळी बसमध्ये बसलो आणि जाणवलं, त्याने पाठ नीट केला होता. मी शिकवलं होतं तेच त्याने लिहिलं होतं.

तेव्हा उलटं कर. पहिल्या तासाला हजेरी झाली की 'द टेल-टेल हार्ट' मोठ्याने वाचायला घे. म्हाताऱ्याचा खून करणाऱ्यानेच सांगितलेली ही कथा 1843 ची, शब्द दोन हजारांहून थोडे जास्त. वीस मिनिटांत संपते. लेखक कोण, कुठला, काही सांगू नकोस. निवेदक पहिल्या ओळीपासून आपल्याला पटवू पाहतो, की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतोय. आणि वाक्यं बघ कशी आहेत: तुटलेली, धापा टाकणारी, एकच शब्द दोन-तीनदा. हे डोळ्यांनी वाचून कळत नाही, कानाने कळतं. निवेदक रोज मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीत डोकावतो; आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्यावरून अंगठा सटकतो, म्हातारा दचकून उठून बसतो आणि विचारतो, कोण आहे? निवेदक तासभर तसाच निश्चल उभा. तिथे तूही थांब. पुस्तकातून मान वर करू नकोस. पंख्याची घरघर ऐकू यायला लागेल, मागच्या बाकावरचं हसू विरेल. मग पुढचं वाक्य घे. म्हाताऱ्याच्या काळजाच्या ठोक्यांचा, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा तो आवाज तिथून पुढे येतो. (खिडक्या लावून दिवे मालवण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस. मी एकदा केलं होतं. मुलं भुताचे आवाज काढत बसली आणि तास गेला.)

वाचून झालं की शेवटचा परिच्छेद मराठीत करायला लाव. पहिल्याच क्रियापदाशी भांडण लागेल. मूळ कथेत निवेदक पुरुष की बाई हे कुठेच स्पष्ट सांगितलेलं नाही. इंग्रजीला ते लपवता येतं. आपल्या 'मी'ला मात्र 'होतो' नाहीतर 'होते' म्हणावंच लागतं. मीही वर तुला कथा सांगताना बेधडक 'तो' करून टाकला, लक्षात आलं का? 'हा बोलणारा म्हणजे पो नव्हे' हे तू दहा वेळा सांगूनही मुलांच्या डोक्यात शिरणार नाही, ते या एका क्रियापदाने शिरतं.

चरित्र त्यानंतर, आणि तेही शेवटाकडून. पो 7 ऑक्टोबर 1849 ला बाल्टिमोरच्या रुग्णालयात वारला. चार दिवस आधी तो एका गुत्त्यात भ्रमिष्ट अवस्थेत, अंगावर दुसऱ्याचेच वाटावेत असे कपडे, असा सापडला होता. कारण आजवर ठरलेलं नाही. मुलं इथे रमतील. रमू दे, पण दहाच मिनिटं. खरी गंमत पुढची आहे. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये 'लुडविग' या नावाने मृत्युलेख आला: बातमीने अनेकांना धक्का बसेल, पण दुःख फार थोड्यांना होईल. हा लुडविग म्हणजे रूफस ग्रिस्वोल्ड, कवितासंग्रहांचा संपादक. त्याच्या निवडीवर पोने सडकून टीका केली होती. याच गृहस्थाच्या हाती पोचं समग्र साहित्य आलं, त्याला त्याने चरित्र जोडलं आणि पोच्या पत्रांत स्वतःच्या सोयीची वाक्यं घुसडली. ती बनावटगिरी पूर्णपणे उघड करणारं आर्थर हॉबसन क्विनचं चरित्र आलं 1941 मध्ये. तुझ्या स्लाइडवरचा तो शापित, बेताल माणूस बराचसा ग्रिस्वोल्डचा आहे. मुलांना तो मृत्युलेख लेखकाचं नाव झाकून दे आणि विचार, हे मित्राने लिहिलंय की वैऱ्याने? एकही चुकत नाही.

म्हणजे पो संत होता असंही नाही. तो प्यायचा, भांडायचा. 1836 मध्ये त्याने आतेबहिणीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं. ती 13 वर्षांची, तो 27 चा. कागदावर तिचं वय 21 लिहिलं. मुली विचारतीलच. 'तो काळच तसा होता' म्हणून सुटू नकोस. तसाच असता तर खोटं वय का लिहावं लागलं, हे त्यांनाच शोधू दे.

शेवटच्या तासाला पोची कविता, 'द रेव्हन'. इथे आपल्या वर्गात एक अडचण आहे, आणि तीच सोय आहे. रेव्हन म्हणजे आपला घरकावळा नव्हे; तो जवळजवळ घारीएवढा, आवाजाने घोगरा. पण 'काळा पक्षी, मेलेल्या माणसाची आठवण आणि उत्तराची वाट' एवढं ऐकलं की कुणीतरी पिंडाला न शिवणाऱ्या कावळ्याचं नाव काढणारच. काढू दे. घाटावर ताटकळलेली माणसं पाहिलेल्या मुलाला त्या पक्ष्याचं 'नेव्हरमोर' (पुन्हा कधीच नाही) समजावून सांगावं लागत नाही. फक्त फरक दाखव: आपला कावळा न शिवून काहीतरी मागत असतो, कुणीतरी वचन दिलं की शिवतो. पोचा पक्षी काही मागत नाही. त्याला एकच शब्द येतो, आणि कवितेतला माणूस हे ओळखूनही पुन्हा पुन्हा असेच प्रश्न विचारतो ज्यांचं तेच उत्तर त्याला सर्वांत जास्त लागेल.

'वैशिष्ट्यं' परीक्षेपुरती शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर लिही, गाइडात आहेतच. आणि 'होतो' की 'होते', तुझ्या वर्गात कोण जिंकलं ते कळव.

तुझा,
सर