रूमवरचे तिघंही दर रविवारी मटण करतात, मला नॉनव्हेज सोडायचंय, जमेल का?

भाऊ, तू लिहिलं की वय 22, त्रिमूर्ती नगरात तिघांसोबत रूम, रविवार म्हणजे मटण, तुला सोडायचंय पण पोट्टे चिडवतील आणि अशक्तपणा येईल याची भीती वाटून राहिली. तर आधीच सांगतो, दोन्ही होते. चिडवतात पण, आणि नीट नाही खाल्लं तर अशक्तपणा पण येते. माझे दोन्ही होऊन गेले.

मी मूळचा आर्वीचा, नोकरीसाठी नागपूरला आलो, प्रताप नगरकडे चौघं मिळून फ्लॅट घेतला होता. मी हुशारी एकच केली, ती म्हणजे श्रावणात सुरू केलं. तसंही आमच्यातले दोघं श्रावण पाळायचे, त्यामुळे महिनाभर रूमवर काही शिजलंच नाही आणि मी सोडलं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. खरी परीक्षा पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुला माहीतच आहे, त्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि इकडे मटणाच्या दुकानासमोर रांग. आम्ही मारबत पाहून आलो, दोन किलो आणायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं माझं धरू नका.

"माळकरी झाला का बे?"
"नाही बे, मन नाही होत."
"मन नाही होत म्हणजे? पोट बिघडलं का?"

मी एवढ्यावरच थांबलो, आणि तू पण एवढ्यावरच थांब. कारण सांगायला गेला की वाद होते. कोणी जात काढते, कोणी धर्म काढते, कोणी म्हणते मग झाडाला जीव नाही का, आणि भाजी राहते बाजूला. आणि एक शब्द चुकूनही तोंडातून काढू नको, "वास येते". ज्यांच्यासोबत कालपर्यंत नळी चोखत होता त्यांना आज हे म्हटलं की त्यांना लागते, आणि ते बरोबरच आहे.

आता खरं सांगायचं तर पुढचे दोन रविवार मी चोरी केली. पीस नाही घ्यायचे, फक्त वरचा वरचा रस्सा. तिसऱ्या रविवारी एक जण म्हणाला, "रस्सा काय पाण्याचा असते का बे?" सगळे हसले, मी पण हसलो पण डोक्यात बसलं. तेव्हा समजलं की मला मटणाची आठवण येतच नव्हती, मला पाहिजे होती ती सावजीची तर्री आणि चौघांनी खाली पेपर अंथरून सोबत जेवणं. आणि सावजी मसाल्यात मटण कुठं असते? सुकं खोबरं, खसखस, धने, दगडफूल, मिरी, लवंग, सगळं भाजून वाटायचं. म्हणून पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, शिकलो.

पहिल्या वेळेस पार वाट लागली. बेसन कच्चंच उतरवलं आणि वड्या उकळत्या रश्श्यात टाकून दिल्या, पाच मिनिटात सगळ्याचं पिठलं. नंतर आईला फोन करून विचारलं तर ती आधी म्हणे, "तुला कोणी काही खाऊ घातलं का रे?" मग सांगितलं. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की बेसन टाकायचं, गुठळ्या मोडत घोटायचं, झाकण ठेवून वाफ काढायची, गोळा कढई सोडायला लागला की तेल लावलेल्या ताटात थापायचा, वरून कोथिंबीर, थंड झाल्यावर वड्या कापायच्या. आणि वड्या रश्श्यात शिजवायच्याच नाहीत, ताटात ठेवून वरून रस्सा ओतायचा. आता अर्धा रस्सा माझ्या पाटोडीचा, अर्ध्यात त्यांचं मटण, वाटण एकच.

हिशोब मात्र पहिल्याच दिवशी बोलून घे, नाहीतर तिथंच कुरकुर होते. आमच्याकडे तेल, कांदे, गॅस, तांदूळ चौघांत, मटण तिघांत. आणि एक छोटा कुकर घे. सोवळं म्हणून नाही, एकच कुकर असला की मटणाच्या शिट्ट्या होईपर्यंत तुझं वरण ताटकळत बसते.

अशक्तपणाचं. मी पहिले चार-पाच महिने सकाळी तर्री पोहे, दुपारी मेसचा आलू, रात्री मॅगी, असं शाकाहारी राहिलो. तिसऱ्या मजल्यावर चढताना दम लागायला लागला, टेस्ट केली तर बी12 कमी, डॉक्टरनी गोळ्या दिल्या. बी12 डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध, दही, पनीर, अंडी यातून मिळते, त्यामुळे दही-ताक रोज ठेव आणि वर्षातून एकदा टेस्ट करून घे. अंडं खायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी चार महिने खाल्लं मग आपोआप सुटलं.

प्रोटीन किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम लागते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम. मेसच्या पाणीदार वरणातून ते होत नाही. 100 ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत 22 ग्रॅमच्या आसपास, कोरड्या सोयाबीनच्या वडीत 50 च्या वर. आपल्या विदर्भात एवढं सोयाबीन पिकते आणि आपण ती वडी आजाऱ्याचं खाणं समजतो, त्याच सावजी वाटणात टाकून बघ एकदा. वरणावर लिंबू पिळ आणि जेवल्या-जेवल्या चहा नको, लोह नीट लागते अंगाला.

पोळ्याच्या आधी एकदा पाटोडी करून बघ. आणि त्या दिवशी भाकरी थोड्या जास्त ठेव, वड्या विरघळल्या तर पिठलं म्हणून खाता येते, आमच्या तिघांनी बोटं चाटून खाल्लं होतं.