एकाच घरात उपासनेचे मार्ग वेगवेगळे असले तर साधना फसते का?

आजी दत्तभक्त, वडील ध्यान करणारे आणि आपल्याला कीर्तनाची ओढ. यांतील खरा मार्ग कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिन्ही खरे आहेत. गीतेनेही कर्म, ज्ञान आणि भक्ती यांपैकी एकासाठी इतरांना अपात्र ठरवलेले नाही.

याचा पुरावा आपल्या बडोद्यातच आहे. सुरतच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, 1908च्या जानेवारीत, श्रीअरविंद येथील एका वाड्याच्या माडीवर योगी विष्णु भास्कर लेले यांच्यासमोर तीन दिवस ध्यानाला बसले. मनात येणारा विचार बाहेरून येतो आहे हे पाहावे आणि तो आत शिरण्यापूर्वीच परतवावा, एवढीच लेल्यांची सूचना होती. लेले स्वतः भक्तिमार्गी, अद्वैताला (जीव आणि ब्रह्म एकच, या मताला) प्रतिकूल. तरीही शिष्याला आला तो निःशब्द, निर्गुण ब्रह्माचा अनुभव, म्हणजे गुरूला अभिप्रेतच नसलेला! गुरू-शिष्यांचे मार्ग वेगळे असूनही साधना फसली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आजींना नर्मदाकाठच्या नारेश्वरी, दत्तभक्त संत रंगावधूत महाराजांच्या स्थानी, अवश्य घेऊन जा. आपण मात्र कीर्तन सोडू नका. दर महिन्याला मार्ग बदलण्याने जेवढे नुकसान होते, तेवढे घरातील मार्गभेदाने होत नाही.