वाचक विचारतात : अमेरिका फुटली ती नेमकी कशावरून?

प्रश्न : सर, माझा आतेभाऊ म्हणतो की अमेरिकेतलं सिव्हिल वॉर गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून आणि टॅरिफवरून (म्हणजे आयात करावरून) झालं, गुलामगिरीचं नंतर चिकटवलं. फॅमिली ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय. कोण बरोबर?

उत्तर : तुमच्या घरात भांडण लावायची इच्छा नाही पण आतेभाऊ चुकतोय. म्हणजे "राज्यांचे हक्क" हा शब्द तेव्हा सगळेच वापरायचे, त्यात खोटं काही नाही, फक्त त्याला पुढचा प्रश्न विचारा, हक्क कशाचा?

1850 चा फरारी गुलामांचा कायदा घ्या. हा केंद्राचा कायदा होता आणि तो दक्षिणेनेच, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांनीच, मागून घेतलेला. दक्षिणेतून पळून बोस्टनला किंवा फिलाडेल्फियाला आलेल्या माणसाला मालक तिथे येऊन पकडणार, पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्षसुद्धा देता येणार नाही, आणि निकाल देणाऱ्या कमिशनरची फी काय तर माणूस परत पाठवला तर 10 डॉलर, सोडून दिला तर 5! (कागदपत्रं जास्त लागतात म्हणून असं कारण द्यायचे, असो.) लपवायला मदत केली तर 1000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, म्हणजे राज्याच्या हक्काची भाषा उत्तरेतलं राज्य बोलत होतं, आणि दक्षिणेला हवं होतं की केंद्राने त्याला गप्प करावं. 1859 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तेच केलं. पुढे डिसेंबर 1860 मध्ये साउथ कॅरोलायना देशातून बाहेर पडलं तेव्हा त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला, त्यात मुख्य तक्रार हीच की उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत. मिसिसिपीने तर सुरुवातीलाच लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. ते स्वतः लिहून गेलेत, आपण का लपवायचं?

टॅरिफचं भांडण खरं होतं, पण ते पेटलं होतं 1832-33 मध्ये. 1857 मध्ये तर टॅरिफ उलट खाली आलेला, आणि नवीन वाढीव टॅरिफ पास झाला मार्च 1861 मध्ये, तोपर्यंत सात राज्यं निघूनही गेली होती.

प्रश्न : इतकी वर्षं तडजोडी करून निभावलं ना त्यांनी, मग एकदम फिसकटलं कसं?

उत्तर : एकदम नाही फिसकटलं. 1820 ला सिनेटमध्ये दोन्हीकडची 11-11 राज्यं होती, मिसूरी गुलामगिरीवालं घेतलं तर तोल जाणार, म्हणून मेन हे मुक्त राज्य जोडीला घेतलं आणि पश्चिमेच्या त्या प्रदेशात 36 अंश 30 मिनिटांवर रेघ मारली, वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. तेव्हा वाटलं मिटलं. पण इकडे कापूस वाढतच होता, 1790 ला सुमारे 7 लाख गुलाम होते ते 1860 ला 40 लाखांच्या आसपास गेले. एवढा पैसा ज्यात अडकलाय ती गोष्ट हळूहळू आपोआप संपेल ही जुन्या लोकांची आशा तिथेच संपली. मग मेक्सिकोशी युद्ध होऊन 1848 ला प्रचंड जमीन मिळाली, आणि तीच घास घशात अडकल्यासारखी झाली, कारण प्रत्येक नव्या तुकड्यावर तोच वाद.

माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा 1854 चा. सिनेटर स्टीफन डग्लसला शिकागोहून पश्चिमेला रेल्वे न्यायची होती, त्यासाठी दक्षिणेची मतं पाहिजेत, म्हणून त्याने ती 1820 ची रेघच पुसली आणि म्हणाला कॅन्सस-नेब्रास्का या नव्या प्रदेशांतले लोक गुलामगिरी हवी की नको ते स्वतः मत देऊन ठरवतील. ऐकायला किती लोकशाही वाटतं! झालं काय, तर दोन्हीकडून लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये घुसले, मिसूरीतून येऊन बोगस मतदान झालं, दोन दोन सरकारं उभी राहिली, माणसं मेली. व्हिग हा तेव्हाचा मोठा पक्ष मोडला, रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. चर्च तर आधीच फुटलेली, मेथडिस्ट 1844 ला आणि बाप्टिस्ट 1845 ला, म्हणजे उत्तर-दक्षिण एकत्र बसायच्या जागाच कमी होत गेल्या.

मे 1856 मध्ये दक्षिणेतल्या काँग्रेसमन प्रेस्टन ब्रूक्सने भर सिनेटमध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. मारहाणीपेक्षा नंतरचं जास्त बोलकं आहे, दक्षिणेतल्या लोकांनी ब्रूक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या, आणि मॅसॅच्युसेट्सने समनरला पुन्हा निवडून दिलं, तो बरा होईपर्यंत त्याची खुर्ची तीनेक वर्षं रिकामीच ठेवली. 1857 ला ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस नागरिकच होऊ शकत नाही आणि टेरिटरीत (अजून राज्य न झालेल्या प्रदेशात) काँग्रेस गुलामगिरी रोखू शकत नाही. मग तडजोड करायची तरी कशावर?

प्रश्न : म्हणजे उत्तरेतले सगळे गुलामगिरीविरोधी होते?

उत्तर : छे. तिथल्या गिरण्या दक्षिणेच्याच कापसावर चालायच्या, न्यूयॉर्कचे व्यापारी त्यातच कमवायचे, आणि उत्तरेतल्या बहुतेक राज्यांत काळ्यांना मतदानाचा हक्कही नव्हता. लिंकनसुद्धा 1860 च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एवढंच म्हणत होता की आहे तिथे हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशात पसरू देणार नाही. तेवढंही दक्षिणेला चाललं नाही, दहा राज्यांत त्याला मत द्यायची चिठ्ठीच मिळत नव्हती. तरी तो सुमारे 40 टक्के मतांवर निवडून आला आणि दीड महिन्यात साउथ कॅरोलायना बाहेर.