'मी एकटाच म्हातारा होणार का?'

"मी गे आहे हे मला कळलंय. पण म्हणजे मी आयुष्यभर एकटाच राहणार का?" माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हा प्रश्न विचारणाऱ्यांचं वय, शिक्षण, घरची परिस्थिती वेगवेगळी असते, प्रश्न मात्र तोच. काही जण सुरुवातीला 'हे बदलता येईल का' असं विचारतात. थोडं बोलतं केलं की त्याच्याखाली दडलेली ही भीती वर येते. म्हणून एका तरुणाची हकिकत त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम देत नाही.

तो तिशीतला. आला तो झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही, कामात चुका होतात, वरिष्ठ चिडलेत, वगैरे. सुरुवातीच्या भेटी झोप आणि मोबाइल यांच्यावर बोलण्यात गेल्या. मग एकदा वेळ संपल्यावर जायला उठला आणि म्हणाला, "मॅडम, एक चित्रपट पाहिल्यापासून हे सुरू झालंय." महत्त्वाची वाक्यं लोक बऱ्याचदा दाराशी उभं राहूनच बोलतात. मी त्याला परत बसायला सांगितलं.

चित्रपट कमी पैशांत, स्वतंत्रपणे काढलेला. दोन पुरुषांचं प्रेम. त्यातला एक घरच्यांच्या दबावाखाली लग्न करून निघून जातो, दुसरा मागे उरतो. शेवटच्या दृश्यात तो उरलेला माणूस भाड्याच्या खोलीवर परत येतो, घड्याळाला गजर लावतो आणि दिवा मालवतो. संपलं. हा तरुण घरचे झोपले की कानात इअरफोन घालून तेवढंच दृश्य पुन्हा पुन्हा बघत बसायचा. "तो मीच आहे," तो म्हणाला, "वीस वर्षांनंतरचा."

मी सगळ्यात आधी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. त्याच्या मनात मरणाचे विचार येऊन जायचे, ठरवलेलं काही नव्हतं. तरी आम्ही त्याच बैठकीत कागदावर लिहून ठेवलं, की रात्री फारच वाईट वाटलं तर कोणाला फोन करायचा. कागदावर एकही नाव येईना. शेवटी मी माझा आणि हेल्पलाइनचा नंबर लिहिला. ती कोरी यादी पाहून माझ्या लक्षात आलं, की काम कुठे करायचंय.

'बदलता येईल का' हा प्रश्न त्यानेही विचारलाच. त्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्याचं उत्तर स्पष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या त्यांनी तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या, कोणती चाचणी कोणाची हे न सांगता. तज्ज्ञांना फरक ओळखता आला नाही. १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केलं. 'प्रयत्नांनी काही जण बदलतात' असा निष्कर्ष २००३ मध्ये मांडणारे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१२ मध्ये त्या अभ्यासाबद्दल समलिंगी समाजाची जाहीर माफी मागितली. जो आजारच नाही त्याचे 'उपचार' विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, एवढं सांगून मी पुढे जाते.

पुढचं खरं अवघड असतं. मी त्याला गेल्या आठवड्याबद्दल सांगायला सांगितलं. घटना नकोत, कुठे कुठे सावध राहावं लागलं तेवढंच सांगा म्हटलं. तो सांगत गेला. सोमवारी कचेरीत 'सुट्टी कशी गेली' असं कोणी विचारलं की 'तो आला होता' असं न म्हणता 'मित्रमंडळी होती' असं म्हणायचं. मराठीत क्रियापदसुद्धा चुगली करतं, त्यामुळे वाक्य तोंडातून निघण्याआधी मनात तपासून घ्यायचं. मोबाइल टेबलावर नेहमी पालथा. कोणी विनोद केला की सगळ्यांच्या आधी हसायचं. लग्नाचा विषय निघाला की कामाचा ताण पुढे करायचा. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. पण दिवसभर हाच पहारा देणारा माणूस रात्री दमलेलाही असतो आणि जागाही.

संशोधक इलन मायर यांनी २००३ मध्ये या ताणाची नीट मांडणी केली. उघड भेदभाव हा त्याचा एक भाग. 'लोक नाकारतीलच' अशी सततची धास्ती, स्वतःला लपवत राहणं आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणं, हे बाकीचे भाग. बाहेरून कोणी काहीही बोललं नाही तरी हे आतलं चक्र चालू राहतं. आपल्यासारख्या माणसांची सोबत मिळाली की हा ताण हलका होतो, हेही मायर सांगतात. आमच्या कामात मला हा सोबतीचा मुद्दा जास्त उपयोगी पडतो.

पण मग झोप त्या चित्रपटानंतरच का उडाली? लपवणं तर वर्षानुवर्षं चालू होतं. ते पुढच्या काही भेटींत उलगडलं. त्याचंही एक नातं होतं, चांगलं दोन वर्षांचं. ते तुटलं तेव्हा तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर गेला. डोळे सुजलेले दिसले म्हणून ॲलर्जी झाल्याचं सांगितलं. घरी सर्दी. असं नातं होतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं, मग ते तुटल्याचं कोण ओळखणार? जे दुःख चारचौघांत मांडायची सोय नसते, त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक आख्खं पुस्तक संपादित केलं आहे. कोणी मेलं तर लोक भेटायला येतात, घटस्फोट झाला तरी निदान चर्चा होते. इथे यातलं काहीच नाही. चित्रपटातल्या माणसासाठी तो रडत होता, ते त्याचं स्वतःचंच राहून गेलेलं रडणं होतं. हे त्याला मी सांगितलं नाही. एका बैठकीत तोच बोलता बोलता मध्येच थांबला आणि मग बराच वेळ रडला.

एकटेपणाच्याही जाती असतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये दोन सांगितल्या: जिवाभावाचं एक माणूस नसण्याचा, आणि आपलं असं वर्तुळ नसण्याचा. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक समलिंगी तरुण फक्त पहिल्याचा विचार करतात, 'जोडीदार मिळाला की सगळं ठीक होईल'. मग डेटिंग ॲपवर रात्री जातात, भेटी होतात, ओळख होत नाही. आणि जोडीदार मिळालाच तर त्या एकट्याच्या अंगावर मित्र, भाऊ, नातलग, सल्लागार अशा सगळ्यांच्या जागा पडतात. बंद खोलीतलं नातं बहुधा त्या ओझ्याखालीच मोडतं. त्याचंही तसंच झालं होतं. म्हणून मी जोडीदाराचा विषय बाजूला ठेवायला सांगितला आणि एकच उद्दिष्ट दिलं: तुमच्याबद्दल खरं माहीत असलेली दोन माणसं. तो नाराज झाला. "मी प्रेमाबद्दल विचारतोय आणि तुम्ही मैत्रीवर बोलताय," म्हणाला. म्हटलं, हो.

मध्ये त्या चित्रपटाकडेही परत गेलो. मी विचारलं, "त्या माणसाने गजर कशाला लावला?" तो गप्प. इतक्या वेळा पाहूनही त्याने फक्त दिवा मालवलेला पाहिला होता. ज्याला सकाळी कुठेतरी जायचंय, तोच गजर लावतो. दिग्दर्शकाने कॅमेरा रात्री बंद केला, ती त्याची निवड. अशा कथांचे शेवट दुःखी असण्याला एक इतिहासही आहे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि दोन पुरुषांचा शेवट सुखाचा करायचाच असं ठरवून लिहिली. ती छापून आली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शेवटी कोणी गळफास घेतला असता तर छापायला अडचण आली नसती, अशा अर्थाचं त्यांनीच लिहून ठेवलंय. समलिंगी माणूस कथेत आला तर त्याला शिक्षा झालेली किंवा तो मेलेला दाखवायचा, ही अट सेन्सॉरच्या आणि कायद्याच्या धाकाने कितीतरी वर्षं पाळली गेली. आज ती अट नाही, पण सवय मागे राहिली आहे. अशा चित्रपटांवर माझा राग नाही, त्यातले काही अप्रतिम असतात. त्यांच्याकडे भविष्य विचारायला जाऊ नये, इतकंच.

त्याला मी त्या माणसाचा पुढचा दिवस लिहायला दिला. पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच परिच्छेदात त्याला मारून टाकलं. नंतरच्या लिखाणात तो माणूस कामावर उशिरा पोचला, शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडला, एका जुन्या मित्राला फोन करायचा म्हणून नंबर शोधत राहिला. भांडण वाचून मला बरं वाटलं. भांडायला समोर कोणीतरी लागतं.

सांगायचं कोणाला, हे त्याने ठरवलं. माझे निकष साधे आहेत. जिच्यावर आपलं राहणं-खाणं अवलंबून आहे अशा व्यक्तीपासून सुरुवात करू नये. भांडणात, समारंभात किंवा पिऊन सांगू नये. समोरची व्यक्ती दुसऱ्यांची गुपितं कशी सांभाळते ते आधी पाहावं. आणि सांगणं हे कर्तव्य नाही, कोणी मागतं म्हणून तर नाहीच. त्याने मावसबहिणीची निवड केली. आधी तिला फक्त चित्रपटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग तो एकटा का बसलाय? कोणाला तरी फोन करायचा ना!" पुढे काही आठवड्यांनी त्याने स्वतःबद्दल सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आईला एवढ्यात सांगू नकोस हं." त्याला ते लागलं. दोन दिवस त्याने तिचा फोन घेतला नाही. ती करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" तुटलेल्या त्या नात्यातल्या माणसाचं नाव पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.

मधल्या काळात घरच्यांनी एक स्थळ आणलं आणि तो डगमगला. "करून टाकलं तर निदान एकटा तरी नसेन." या बाबतीत मी तटस्थ राहत नाही. ठाऊक असून एखाद्या मुलीला अंधारात ठेवून लग्न करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे, आणि एका घरात दोन माणसं एकटी पडतात. लग्नानंतर माझ्याकडे आलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्याला तेवढंच सांगितलं आणि निर्णय त्याच्यावर सोडला. त्याने नकार कळवला, कारण मात्र अजूनही कामाचंच दिलं.

आता तो अधूनमधून येतो. झोप बरी आहे. एका आधारगटात जायला लागला, तिथे त्याची एका पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांशी ओळख झाली. ते एकटे राहतात आणि त्यांच्याकडे माणसांचा इतका राबता असतो, की वेळ घेऊन जावं लागतं, अशी याची तक्रार आहे. या तरुणाला जोडीदार नाही. आईला सांगायचं की नाही, हे ठरलेलं नाही. तो स्वतंत्र घर घेईपर्यंत थांबावं असं माझं मत. आता मावसबहिणीचं मत बरोबर उलट झालंय, आणि तो सध्या दोघींचंही ऐकून घेतो.