वाचकांचे प्रश्न : वर्ल्डकपची मॅच कोल्हापूरला का आली नाही?

प्रश्न : सर, २०१७ ला आपल्या देशात फुटबॉलचा अंडर-१७ (१७ वर्षांखालच्या मुलांचा) वर्ल्डकप झाला तेव्हा मॅचेस दिल्ली, नवी मुंबई, गोवा, कोची, गुवाहाटी आणि कोलकात्याला झाल्या. पेठाच्या पेठा फुटबॉलसाठी जीव टाकतात त्या कोल्हापूरला एकपण मॅच का मिळाली नाही? पुढं कधी परत चान्स आला तर आपला नंबर लागेल का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : तुमचा प्रश्न मलापण लई दिवस सलतोय. पब्लिकचं म्हणाल तर पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या दोन तालमींच्या (म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबांच्या) संघांची मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळं गर्दीत आपण कमी पडलो असं कुणी म्हणू शकत नाही. पण यजमान शहर निवडताना फिफाची (जागतिक फुटबॉल संघटनेची) माणसं गर्दीच्या पुढचं बरंच काही बघतात, आणि तिथं आपली बाजू लंगडी होती हे मान्य करायला पाहिजे.

हिशोब असा बघा. स्पर्धेत २४ संघ, सहा शहरं, म्हणजे सुरुवातीच्या फेरीत एका शहरात एक ग्रुप, चार संघ. हे चार संघ मॅचच्या मैदानावर रोज प्रॅक्टिस करत नाहीत, करू दिलीच जात नाही, गवत मॅचसाठी राखून ठेवतात. म्हणजे मेन स्टेडियम सोडून आणखी चार सरावाची मैदानं पाहिजेत, आणि तीपण सपाट, चांगल्या गवताची, पाणी मारायची आणि निचऱ्याची सोय असलेली. कोचीनं काय केलं तर महाराजाज कॉलेजचं ग्राउंड, पनंपिल्ली नगरचं, आणि फोर्ट कोचीतली परेड ग्राउंड आणि वेली ग्राउंड अशी गावातली रोजच्या वापरातली मैदानं घेतली आणि ती तयार केली. काम रखडलं, टीका झाली, पण झालं. नवी मुंबईत नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान असंच सरावासाठी तयार केलं. मला विचाराल तर सगळ्या तयारीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण वर्ल्डकप २८ ऑक्टोबरला संपला आणि परदेशी संघ गेले पण तयार झालेली मैदानं गावातच राहिली.

स्टेडियमचंपण ऐका. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला आधी कृत्रिम टर्फ होतं, ते काढून नैसर्गिक गवत लावलं, बाकडी काढून खुर्च्या बसवल्या, त्यामुळं लाखाच्या वर माणूस बसायचा तिथं क्षमता ६६ हजारांच्या आसपास आली. कोचीत तर गॅलरीच्या खाली दुकानं होती ती रिकामी करायला लावली, आणि काही गडबड झाली तर लोकांना पटकन बाहेर पडता आलं पाहिजे म्हणून प्रेक्षकांचा आकडा २९ हजारांच्या आसपासच ठेवला. आपल्याकडं पाटाकडील-दिलबहारसारख्या मॅचला गेटपाशी जी रेटारेटी होते ती डोळ्यासमोर आणा म्हणजे हा नियम किती गरजेचा आहे ते कळेल.

आणि गवत म्हणजे नुसतं हिरवं दिसणं नव्हे हो. ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल गुवाहाटीला ठरलेली होती. पावसात तिथल्या मैदानाची वाट लागली आणि मॅच दोन दिवसांवर आलेली असताना उचलून कोलकात्याला नेली! कोलकात्यानं दोन दिवसात तिकिटं खपवून ६३ हजारांवर माणूस जमवला हे त्या गावाचं मोठेपण, पण गुवाहाटीच्या पोरांना किती वाईट वाटलं असेल. आपल्याकडं सीझन संपत आला की गोलपोस्टसमोर गवत जाऊन माती दिसायला लागते, एकाच मैदानावर सिनियर लीग, स्पर्धा, प्रॅक्टिस सगळं, मग ते मैदान दम कधी घेणार? शिवाय २०१७ ला उजळाईवाडीला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, नियमित विमानसेवा बंद होती, बाकीच्या गोष्टी असत्या तरी तिथं अडलंच असतं.

पण कोल्हापूर त्या वर्ल्डकपमध्ये नव्हतं असं म्हणू नका. आपला अनिकेत जाधव भारताच्या त्या संघात होता. अमेरिका, कोलंबिया, घाना असा अवघड ग्रुप, तिन्ही मॅच हरलो, पण ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेडर मारला तो भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल. आता हे लक्षात घ्या की अनिकेतला लहानपणीच घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. तालमींनी पोरांना खेळाचं वेड दिलं, चांगलं मैदान मात्र गावाबाहेर जाऊन शोधावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की वर्ल्डकपची मॅच मागायच्या आधी महापालिकेकडं आणि शाळा-कॉलेजांकडं बारकी चार मैदानं मागूया. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबणार नाही एवढं जरी झालं तरी शेकडो पोरं खेळतील. नंबर लागायचा तेव्हा लागेल.

प्रश्न : यजमानपद एकदा मिळालं की पक्कं असतं का, का काढूनपण घेतात? (एक वाचक, कागल)

उत्तर : काढून घेतात. पेरूला २०२३ चा अंडर-१७ वर्ल्डकप मिळाला होता, मैदानं वेळेत होईनात म्हणून गेला. इंडोनेशियाकडून त्याच वर्षी अंडर-२० चा काढून घेतला, कारण इस्रायलच्या संघाला तिथं विरोध झाला होता, तो अर्जेंटिनाला दिला. मग पेरूकडून गेलेला अंडर-१७ इंडोनेशियानं भरवला आणि चांगला भरवला. आपलंपण थोडक्यात वाचलं. २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप ११ ऑक्टोबरपासून आणि ऑगस्टच्या मध्याला फिफानं आपल्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनला निलंबित केलं, कारभारात बाहेरचा हस्तक्षेप म्हणून. २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि स्पर्धा भुवनेश्वर, गोवा, नवी मुंबईत झाली. वर्ष-वर्ष तयारी केलेल्या पोरींनी ते दिवस कसे काढले असतील! मोठ्यांच्या खुर्च्यांच्या भांडणात पोरांची संधी जाता कामा नये, हे मी आपल्या गावातल्या मंडळांनापण सांगेन.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. निवड चाचणीत मनगटाची तपासणी करतात असं ऐकलं, त्यानं काही त्रास होतो का? (एक आई, फुलेवाडी)

उत्तर : ताई, घाबरू नका. २००९ च्या नायजेरियातल्या अंडर-१७ वर्ल्डकपपासून फिफा मनगटाचा एमआरआय करते. त्यात सुई नाही की एक्स-रेचे किरण नाहीत, हात मशीनमध्ये न हलवता ठेवायचा एवढंच. मनगटाच्या हाडाचं टोक पूर्ण जुळलेलं दिसलं तर मुलगा १७ च्या वरचा धरतात. आपल्याकडं बऱ्याचदा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, तो एखादा एक्स-रे काढल्यानंपण काळजी करण्यासारखं काही नाही. वय लपवणारी पोरं बाहेर जातात आणि तुमच्या मुलासारख्या खऱ्या वयाच्या पोराला जागा मिळते, म्हणून ही तपासणी पाहिजेच. तुम्ही फक्त जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारवरची तारीख एक आहे का बघा, स्पेलिंगसुद्धा. फरक असेल तर चाचणीची तारीख लागायच्या आधीच दुरुस्तीला टाका, त्याला वेळ लागतो.