पनीरचं पाणी म्हणजेच व्हे प्रोटीन का? आणि दुधाची बटणं खरंच व्हायची का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पनीर गाळल्यावर उरणारं पाणी हेच व्हे असेल तर महागाची व्हे प्रोटीन पावडर कशाला घ्यायची? आणि दुधापासून बटणं, डिंक बनतो हे खरं की थाप? मी बरीच वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलंय. तिथे पहिला प्रश्न सतत कानावर यायचा.

पनीरच्या पाण्यात प्रोटीन फार थोडं असतं. ते पनीरमध्येच गेलेलं असतं.

गायीच्या लिटरभर दुधात साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातला ८० टक्के भाग केसिन, बाकी व्हे. दोघांचे स्वभाव अगदी उलटे. केसिन उकळलं तरी हलत नाही, पण आंबटपणा लागला की गोळा होतं. व्हे प्रथिनांना आंबटाचं काही वाटत नाही, पण साधारण ७० अंशांच्या वर ती उलगडतात आणि जवळच्या केसिनला जाऊन चिकटतात. पनीरसाठी आपण दूध आधी चांगलं तापवतो आणि मग लिंबू पिळतो, म्हणजे दोन्ही एकदम चोथ्यात उतरतात. फडक्याखाली जी पिवळट-हिरवट निवळी उरते, तिच्यात दुधातली साखर, क्षार आणि तो रंग देणारं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व असतं. ती फेकू नका, कणीक भिजवायला उत्तम. पण प्रोटीन म्हणून पिऊ नका.

पावडर बनते ती चीजच्या निवळीपासून. चीजसाठी दूध फार तापवत नाहीत. पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद. मग रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून केसिन गोठवतात आणि व्हे प्रथिनं जवळपास शाबूत अशी पाण्याबरोबर बाहेर पडतात. दहा लिटर दुधामागे सुमारे एक किलो चीज आणि नऊ लिटर निवळी. ती बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळून दाट करतात आणि गरम हवेत फवारून वाळवतात. पैसे या सगळ्या खटाटोपाचे.

विरजण लावायच्या आधी दूध खळखळून उकळ, असं आई सांगायची. त्याचं कारणही हेच. उलगडलेलं व्हे केसिनला धरून बसतं, दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. आणि खरवस! चिकात वासरासाठीची प्रतिपिंडं, म्हणजे व्हे प्रथिनंच, भरपूर असतात. म्हणून त्यात गूळ-वेलची घालून नुसती वाफ दिली की वडी पडते. लिंबू नाही, विरजण नाही. व्हे प्रथिनं उष्णतेनं कशी आवळतात हे दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

आता बटणं. अगदी खरं आहे. १८९९ साली जर्मनीत क्रिशे आणि श्पिटेलर यांनी केसिन फॉर्मालिन या रसायनात मुरवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. त्या मालाला नाव मिळालं गॅलालिथ, ग्रीकमध्ये ‘दूध’ आणि ‘दगड’. त्याची बटणं, कंगवे, फाउंटन पेनं, विणकामाच्या सुया व्हायच्या. पण जाड तुकडा मुरायला आठवडेच्या आठवडे लागत, त्यामुळे खनिज तेलापासूनचं स्वस्त प्लास्टिक आल्यावर तो मागे पडला. इटलीत १९३०च्या दशकात केसिनपासून लोकरीसारखा धागाही काढला होता.

डिंक तर घरीच करून बघा. साय काढलेलं वाटीभर दूध कोमट करा, दोन चमचे व्हिनेगर घाला. गोळा गाळून, धुऊन, घट्ट पिळून घ्या आणि चिमूटभर खायचा सोडा व थोडं पाणी घालून घोटा. आधी फेस येतो, मग रवाळपणा जाऊन गुळगुळीत पांढरी खळ होते. कागद छान चिकटतो, पण ती टिकत नाही, दोनेक दिवसांत वास मारते. सोडा-चुन्याच्या मिश्रणाने बनवलेल्या केसिनच्या सरसानेच पहिल्या महायुद्धात विमानांचे लाकडी भाग जोडत.

एक सांगायलाच हवं. केसिनचं सोडियम कॅसिनेट तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवतं, म्हणून चहा-कॉफीत घालायच्या ‘नॉन-डेअरी’ म्हणवणाऱ्या पावडरींतही ते असू शकतं. घरात कुणाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल (दुधातली साखर न पचणं ही निराळी तक्रार), तर पुढच्या नावावर न जाता पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.