पाळणे कमी झाले, की माणसं गेली?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत शाळा, लग्न, रेशन आणि जनगणना यांची काळजी आहे. विषय वेगळे दिसले तरी प्रत्येक पत्रात अडचण एकच आहे: हातातला आकडा कोणाला मोजतो आणि कोणत्या वर्षीचा आहे, हे पाहायचं राहून गेलंय.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत गेल्या तीन वर्षांत फक्त दोन जन्म आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ मुलं उरली. गावात जन्मच होत नसतील तर शाळेसाठी भांडण्यात अर्थ आहे का?
— ग्रामपंचायत सदस्य, लांजा तालुका

त्या वहीवरून काहीही ठरवू नका. ती तुमच्या गावची मुलं मोजतच नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच नोंदला जातो, आई-बाप राहतात तिथे नाही. आता बाळंतपणं ग्रामीण रुग्णालयात नाहीतर रत्नागिरी-कोल्हापूरला होतात, शिवाय पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. त्यामुळे गावची वही कोरी राहते आणि दवाखाना असलेल्या शहराची वही फुगते.

खरा हिशेब एका दिवसात निघतो. आशाताईंकडची गरोदर मातांची नोंद आणि अंगणवाडीतली सहा वर्षांखालच्या मुलांची यादी समोर ठेवा. प्रत्येक मुलापुढे तीन गोष्टी लिहा: जन्मवर्ष, आज गावात राहतं का, नसेल तर कुठे. बाळंतपणाला आलेल्या लेकींची बाळं वगळा. गावच्या सुनांची माहेरी झालेली बाळं धरा. गल्लत नेमकी इथेच होते, कारण लेकीचं बाळ दोन-तीन महिने गावात असतं आणि यादीत चढून बसतं.

मग २० ते ३४ वयाच्या किती बायका गावात प्रत्यक्ष राहतात ते मोजा. मतदार यादीवर विसंबू नका, मुंबईला गेलेल्यांची नावं तिथे वर्षानुवर्षं राहतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला, म्हणजे आजच्या वेगाने एका बाईला आयुष्यात सरासरी १.७ मुलं. बहुतेक बाळंतपणं या पंधरा वर्षांत होतात. म्हणून अशा ३० बायका असतील तर ३० गुणिले १.७ भागिले १५, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन जन्म अपेक्षित. गाव लहान असल्यामुळे एका वर्षाचा आकडा खाली-वर होणारच, पाच वर्षांची सरासरी घ्या.

आता निदान करता येईल. बायका ३० आणि जन्म वर्षाला एकच, तर पाळणे खरोखर कमी झालेत किंवा नवरे बाहेरगावी आहेत. बायकाच आठ उरल्या असतील तर तरुण कुटुंबं गेली आहेत. कोकणात हे दुसरं कारण जुनं आहे: २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्के वाढली, त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. तिसरी शक्यता तुमच्या पत्रात नाही, पण तीही तपासा. अंगणवाडीत चौदा मुलं, पहिलीत एक, आणि सकाळी आठला तिठ्यावर इंग्रजी शाळेची व्हॅन. असं असेल तर मुलं गावातच आहेत, फक्त शाळेत येत नाहीत. ही शाळा वाचवता येते आणि त्यासाठी जरूर भांडा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ती दोन्ही पदं भरून मागा. एकशिक्षकी शाळेत कोणी मूल पाठवत नाही आणि मग पट आणखी घसरतो. कुटुंबंच गेली असतील तर मात्र उरलेल्या नऊ मुलांच्या रोजच्या वाहतुकीची लेखी हमी आधी घ्या, शाळा बंद झाल्यावर ती मिळवणं फार अवघड जातं.

प्रश्न : जननदर दोनच्या खाली आला असं तुम्हीच सांगता, मग राज्याची लोकसंख्या वाढतेच कशी?
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. मुली थोड्या कमी जन्मतात आणि काही मूल होण्याच्या वयाआधीच दगावतात, म्हणून दोनवर थोडं जास्त. पण आज आई होणाऱ्या मुली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, पाळणे भरपूर हलत होते तेव्हा जन्मल्या. प्रत्येकीला मूल कमी, पण आयाच जास्त. आणि तरुणांच्या मानाने म्हातारी माणसं थोडी, म्हणून मृत्यूही कमी. वाढीचा हा जोर ओसरायला पिढी-दीड पिढी जाते. जपानचा जननदर १९७४ पासून २.१ च्या खाली आहे, तिथली लोकसंख्या २००८ नंतर घटू लागली. चीनमध्ये दर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खाली गेला, घट २०२२ साली दिसली. महाराष्ट्रात शिवाय बाहेरून येणारे आहेत. म्हणून एकूण लोकसंख्या वाढत असतानाच पहिलीचे वर्ग ओस पडू शकतात.

प्रश्न : आमच्या वस्तीवर तिशी ओलांडलेले सतरा मुलगे बिनलग्नाचे आहेत. शेती आहे, तरी स्थळं येत नाहीत. दहा वर्षांत हे सुधारेल का?
— शेतकरी, बीड जिल्हा

नाही. आकडे पाहता ताण अजून वाढणार आहे.

२००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, त्यानंतरची ही स्थिती. आज तिशीत असलेल्या मुलांच्या पिढीत मुली एवढ्या कमी नव्हत्या. ८०७ वाली पिढी २००४ ते २०११ मधली. तिच्यातले मुलगे २०३० ते २०४० च्या दरम्यान स्थळं शोधतील.

दुसरं कारण सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा बघतात. जन्म दरवर्षी घटत असतील तर मोठ्या वयाचा मुलगा जास्त जन्मांच्या वर्षातला आणि मुलगी कमी जन्मांच्या वर्षातली येते. घट वर्षाला २ टक्के धरली आणि अंतर चार वर्षांचं, तर हजार मुलग्यांसमोर ८०७ नव्हे, ७४४ मुली उरतात. गर्भातच मारलेल्या मुलींची भरपाई आता कशानेही होणार नाही. वयाचं अंतर मात्र आपल्या हातात आहे. बरोबरीच्या किंवा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलीचं स्थळ घ्यायला घर तयार असेल तर ही दुसरी तूट जवळपास भरून निघते. विधवा किंवा घटस्फोटित मुलींच्या स्थळांना आपण आधीच फुली मारतो, तीही सोडायला हवी.

टंचाईचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलींवर होतो. स्थळं दारात येतात म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न उरकलं जातं. अठराच्या आतलं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ वर फोन करा. ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही लेखी द्या. आणि दलालामार्फत लांबच्या राज्यातली मुलगी दाखवली तर पैसे देण्याआधी तिच्या गावी जाऊन घरच्यांना भेटा, वयाचा दाखला पाहा, मुलीशी एकटीशी बोला. तिला विकून आणलेलं असेल तर ते याच वेळी कळतं.

प्रश्न : रेशनकार्ड आहे, पण धान्य मिळत नाही. कार्यालयात ‘इष्टांक संपला’ म्हणतात. हा काय प्रकार?
— गृहिणी, कल्याण

इष्टांक म्हणजे लाभार्थींची ठरलेली कमाल संख्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ती प्रकाशित झालेल्या शेवटच्या जनगणनेवरून काढतात, आणि ती अजून २०११ चीच आहे. महाराष्ट्राला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के असे मिळून सुमारे ७ कोटी लाभार्थी ठरले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्येच ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली होती. त्यानंतर आलेली कुटुंबं या गणितात नाहीतच. २०२१ ची जनगणना लांबली, तिची सर्वांत मोठी किंमत अशा घरांनी मोजली आहे.

तरीही अर्ज ठेवा. मृत, दुबार आणि ई-केवायसी न झालेली नावं कमी होतात तशा जागा निघतात. प्राधान्य कुटुंब, म्हणजे या कायद्याने धान्य मिळणारं घर, ठरण्यासाठी शहरात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांपर्यंत, ग्रामीण भागात ४४ हजारांपर्यंत लागतं. उत्पन्नाचा दाखला जोडून शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या, तोंडी उत्तरावर परतू नका. उत्तर आलं नाही तर कायद्यातच जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची सोय आहे. तिथे अर्जाची पोच नसेल तर तक्रार टिकत नाही.

प्रश्न : जनगणनेत आम्ही चाकरमान्यांनी गावचा पत्ता द्यावा, नाहीतर कोकणचे आमदार कमी होतील, असं मंडळात ठरतंय. बरोबर आहे का?
— गुहागरचे, मुक्काम विरार

भीती खोटी नाही. मतदारसंघांच्या मागच्या फेररचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा सातवरून पाचवर आल्या. लोकसभेच्या राज्यवार जागा मात्र आजही १९७१ च्या जनगणनेवर आहेत, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत त्या गोठवल्या आहेत. २०११ च्या लोकसंख्येने महाराष्ट्रात एका खासदारामागे सुमारे २३.४ लाख माणसं होतात, राजस्थानात २७.४ लाख आणि केरळात १६.७ लाख. म्हणून सगळ्यांचं लक्ष या मोजणीकडे आहे.

पण तुम्ही जिथे नेहमी राहता तिथेच नोंद द्यायची, गणपतीला किंवा शिमग्याला जाता ते घर नव्हे. संदर्भक्षण, म्हणजे ज्या घडीची स्थिती मोजली जाते ती वेळ, २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देणं १९४८ च्या जनगणना कायद्याने गुन्हा आहे. नुकसानही तुमचंच होईल: पाणी, लोकलच्या फेऱ्या, दवाखान्यातल्या खाटा तुम्हाला विरारला लागतात, आणि त्यांचा हिशेब तिथल्या डोक्यांवर होतो. गावासाठी करायचं ते वेगळं आहे. गावी एकटे राहणारे आई-वडील मोजणीतून सुटणार नाहीत एवढं पाहा. दार बंद आणि म्हातारी मळ्यात, एवढ्यावरून घर ‘बंद’ लिहिलं जातं. शेजाऱ्याला सांगून ठेवा. जन्मस्थान आणि आधी कुठे राहत होता हे प्रश्न आले की गुहागर सांगा, स्थलांतराचा आकडा त्यातूनच निघतो. या उत्तरांनी रेशन किंवा घरपट्टी अडकेल अशी धास्ती नको. त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमच्या घरची नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही.